नर्सरी सुरू झाल्यापासून मुलगा सारखा आजारी पडतोय, काय करू?

प्रश्न: माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे, वजन १३ किलो. आम्ही डोंबिवलीला राहतो. जूनमध्ये नर्सरीत घातला तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी काहीतरी चालूच आहे, सर्दी, ताप, रात्रभर खोकला, मधे एकदा तळहाताला-तळपायाला फोड आले, एकदा जुलाब. मधल्या दिवसांत मात्र नीट खेळतो, जेवतो. दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं. सासूबाई म्हणतात केळं आणि दही बंद कर, नवरा म्हणतो डॉक्टरांकडून स्ट्राँग औषध मागून घे. माझ्या ऑफिसच्या रजा संपल्यात. ह्याची इम्युनिटी कमी आहे का? टॉनिक देऊ का? शाळा बंद करू का? आणि गणपतीला चिपळूणला गावी जायचंय, त्याला न्यावं की नाही? – एक आई

उत्तर:

ताई, आधी इम्युनिटीचं बोलू, कारण पत्रातली खरी भीती तीच दिसतेय. नर्सरीत किंवा पाळणाघरात नव्याने जायला लागलेलं मूल वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडतं, काही मुलं दहा वेळाही पडतात, आणि हे नॉर्मल आहे. सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या वर आहेत आणि तुमच्या मुलाच्या शरीराने आत्तापर्यंत त्यातले मोजकेच बघितलेत. शिवाय ही आजारपणं वर्षभर सारखी वाटून येत नाहीत, पावसाळ्यात गठ्ठ्याने येतात आणि मग पुन्हा थंडीत येतात. एकेक सर्दी सात ते दहा दिवस, तिच्या मागचा खोकला दोन-तीन आठवडे, म्हणजे पहिलीचा खोकला जातोय न जातोय तोवर दुसरीचं नाक गळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं पोरगं तीन महिने एकाच दुखण्यात आहे. तसं नाहीये, ही वेगवेगळी आजारपणं आहेत आणि प्रत्येकातून तो बरा झालाय.

ज्या मुलांची प्रतिकारशक्ती खरंच कमी असते त्यांचं चित्र वेगळं असतं. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, दरवेळी ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागणं, मोठमोठी पू होणारी गळवं, महिनोन्महिने वजन न वाढणं, घरात आधी एखादं लहान मूल इन्फेक्शनने गेलेलं असणं. यातलं काही असेल तर तपासण्या जरूर कराव्यात. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मधल्या दिवसांत तो खेळतो, जेवतो. ह्या वयात वर्षाला साधारण दोन किलो वजन वाढतं, लसीकरणाच्या कार्डावर मागची वजनं लिहिलेली असतील ती काढून बघा, वाढत असेल तर इम्युनिटीची काळजी सोडून द्या.

टॉनिकवर पैसे घालवू नका. इम्युनिटी वाढवणारं म्हणून जे काही बाटलीत मिळतं त्याने ही आजारपणं कमी होत नाहीत. तेच पैसे फ्लूच्या लसीवर घाला. ही लस सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना देता येते आणि भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे आयएपी, ती पाच वर्षांपर्यंत दरवर्षी द्यायला सांगते. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत माहितीच नसते. पावसाळ्याच्या आधी घेतलेली उत्तम पण आपल्याकडे फ्लूची दुसरी लाट थंडीत येते त्यामुळे आत्ता घेतली तरी वाया जात नाही. साध्या सर्दीला ती अडवणार नाही हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी नाक गळलं की लस फेल गेली असं वाटेल.

आता ताप. आपल्याकडे सगळं घर थर्मामीटरकडे बघत बसतं आणि पोराकडे कोणी बघत नाही, आणि मला ह्या पूर्ण उत्तरात तुम्हाला एकच गोष्ट मनापासून सांगायचीय ती म्हणजे पोराकडे बघा. १०२ ताप असलेलं मूल औषधाने ताप उतरल्यावर तासाभरात गाड्या घेऊन खेळायला लागलं, पाणी मागितलं, तर घरी थांबून वाट बघायला हरकत नाही. १०० च ताप आहे पण मूल मलूल पडलंय, डोळे उघडून बघत नाही, कडेवरून मान टाकतंय, सहा-आठ तासांत शू झालेली नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आकडा किती ह्याने आजार किती गंभीर हे ठरत नाही. एकच अपवाद, तीन महिन्यांच्या आतलं बाळ, त्याला १००.४ च्या वर ताप आला की कसं का दिसेना, त्याच दिवशी डॉक्टर.

तापाला औषध एकच, पॅरासिटामॉल, आणि ते वयावर नाही तर वजनावर द्यायचं असतं. किलोमागे १५ मिलिग्रॅम हिशेबाने तुमच्या १३ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १९५ मिलिग्रॅम. आता कपाटातली बाटली हातात घेऊन लेबल वाचा, कारण गोंधळ इथेच होतो. ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर पावणेचार ते चार मिली, ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर तोच डोस आठ मिली, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचाभर पाजली तर डोस अडीचपट होतो. चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुईशिवायची सिरिंज वापरा. दोन डोसमध्ये सहा तास ठेवा, लागलंच तर चार तासांनी, पण चोवीस तासांत चार डोसच्या वर नाही. ताप उतरला पण पूर्ण गेला नाही म्हणून तासाभरात दुसरं औषध, ही घाई करू नका. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायचीही गरज नाही. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, बर्फाचं पाणी हे नको, पोराला हुडहुडी भरते आणि ते आणखी रडतं. पंखा चालू ठेवा, अंगात पातळ सुती कपडे घाला, घोट घोट काहीतरी पाजत राहा. मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन असलेली तापाची औषधं पावसाळ्यात स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, डेंग्यू निघाला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिन मुलांना तापात कधीच नाही.

खोकल्याच्या औषधाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं आणि वीसहून जास्त लहान मुलं किडन्या निकामी होऊन गेली. त्यातल्या बऱ्याच मुलांना शेवटी नागपूरला आणलं होतं. ती मुलं साध्या सर्दी-तापाची होती, तुमच्या मुलासारखीच. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सगळ्या राज्यांना पुन्हा कळवलं की दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांच्या आतही सहसा देऊ नयेत. आणि भेसळ बाजूला ठेवली तरी ह्या वयात ह्या सिरपचा खोकल्यावर उपयोग होतो असं कुठेच नीट दिसलेलं नाही, फक्त मूल गुंगीत राहतं. म्हणून मेडिकलवाल्याला “पोराला खोकला झालाय, काहीतरी द्या” हे वाक्य बोलणं बंद करा.

मग द्यायचं काय? नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाईनचे ड्रॉप्स, झोपायच्या आणि जेवायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत. मूल एक वर्षाच्या पुढचं असल्यामुळे रात्री अर्धा ते एक छोटा चमचा मध चाटवा, खोकल्याची उबळ कमी होते (एक वर्षाच्या आत मध बोटभरसुद्धा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत असलेल्या घरांनी तर हे मनावर घ्यावंच). कोमट पाणी, वरणाचं पाणी, सूप. कापूर मात्र नको. ओवा-कापराची पोटली छातीला शेकायला, उशीखाली ठेवायला बऱ्याच घरांत करतात, ओव्याची पुरचुंडी हुंगायला हरकत नाही पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात आणि ह्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ देणंही नको, भाजलेली पोरं दर पावसाळ्यात दवाखान्यात येतात.

खोकल्यात बघायचं काय तर श्वास. हे मी प्रत्येक आईला, आजीला, बाबाला करून दाखवते आणि तुम्हीही आज, मूल बरं असतानाच, एकदा करून बघा म्हणजे आजारपणात हात थरथरणार नाहीत. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना, ताप उतरलेला असताना शर्ट वर करा, घड्याळ घ्या आणि पोट वर आलं की एक असं पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास कमी-जास्त होत असतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा आकडा ४० किंवा वर आला तर तो धाप लागल्याचा आकडा आहे. दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, दोन महिन्यांच्या आत ६०. मोजताना बरगड्यांच्या खालचा भाग बघा, श्वास घेताना तिथे खड्डा पडत असेल, पोट उडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तो न्यूमोनिया किंवा दम्यासारखं काहीतरी असू शकतं आणि त्याच वेळी दवाखाना. ह्याला मशीन लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या माणसांना आणि सुईणींना हेच श्वास मोजायला शिकवलं, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं, औषध गावातच दिलं आणि तिथे न्यूमोनियाने जाणारी मुलं कमी झाली. हे काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या डॉक्टरी मासिकात छापून आलंय. ज्या गोष्टीने तिथे जीव वाचले ती डोंबिवलीच्या फ्लॅटमध्येही तितकीच उपयोगाची आहे, आणि तरी शिकलेल्या घरांत ती कोणालाच येत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

नवऱ्यालाही हे वाचायला द्या, कारण स्ट्राँग औषधाचा मुद्दा त्यांचा आहे. ही आजारपणं बहुतेक व्हायरल असतात आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे बॅक्टेरिया असंही नाही, साध्या सर्दीत चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसा होतोच. व्हायरल ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरतो, आपण दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक चालू करतो आणि श्रेय त्याला मिळतं, मग पुढच्या वेळी तेच हवं असतं. कानातून पू, न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीचं इन्फेक्शन ह्यात अँटिबायोटिक लागतंच आणि तेव्हा सांगितलेले सगळे दिवस पूर्ण द्यायचं. पण मागच्या वेळची उरलेली अर्धी बाटली, ती आजच ओतून टाका.

हातापायाला फोड आले होते ते बहुतेक हँड फूट माउथ असणार, पावसाळ्यात नर्सरीत एकाला झालं की अर्ध्या वर्गाला होतं. गुरांच्या लाळ्या-खुरकताशी त्याचा काहीही संबंध नाही, हा वेगळा व्हायरस आहे. तोंडात फोड असतात म्हणून मूल जेवत नाही, तेव्हा गार दूध, ताक, गार मऊ भात द्यायचा, मिरची-आंबट टाळायचं, आठ-दहा दिवसांत जातं. त्यानंतर महिना-दीड महिन्याने एखादं नख सुटून आलं तर घाबरू नका, ते त्याचंच उरलेलं आहे, नवीन नख खालून येतं. ह्याचा व्हायरस शीमधून काही आठवडे बाहेर पडत राहतो आणि सॅनिटायझर त्याच्यावर फारसं काम करत नाही, त्यामुळे शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर साबण आणि वाहतं पाणी.

जुलाबात ओआरएस. एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पाकीट एकदमच, कपभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकून नाही, कारण मग मिठाचं प्रमाण बिघडतं. प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा ते एक कप, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. बाटलीबंद गोड पेयांवर ओआरएस लिहिलेलं असायचं त्यात साखर खूप जास्त आणि क्षार कमी असायचे, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याने, तो शब्द अशा पेयांवर वापरायला बंदी घातली, त्यामुळे पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघूनच घ्या. सोबत झिंक, रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, काहीच पोटात टिकत नसेल तर घरी बसू नका.

आणि सासूबाईंना सांगा, केळं आणि दही चालतं. दोन्हीने सर्दी होत नाही, जुलाबात तर ती कामाची आहेत. फ्रिजमधून काढलेलं थंडगार दही नको वाटत असेल तर फ्रिजबाहेर ठेवलेलं साधं द्या, त्यावरून घरात भांडण नको. आजींना मऊ भात, पेज, मुगाचं वरण करायला सांगा, आजारपणानंतर पुढचे आठ-दहा दिवस रोज एक जेवण जास्तीचं द्यायचं असतं आणि ते आजीइतकं प्रेमाने कोणी भरवत नाही.

डेंग्यूचं थोडक्यात पण नीट वाचा. ताप आहे पण सर्दी-खोकला काहीच नाही, डोळ्यांच्या मागे, अंगात खूप दुखतंय, तोंड लालबुंद झालंय, असं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून एनएस-वन आणि सीबीसी ह्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. डेंग्यूत फसगत कुठे होते तर ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, आणि खरे धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला पण पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, मूल चिडचिडं किंवा एकदम सुस्त, तर लगेच ॲडमिट. नुसता प्लेटलेटचा आकडा बघून जीव टांगणीला लावू नका आणि पपईच्या पानांचा रस पाजण्यात वेळ घालवू नका, डेंग्यूत मुलं वाचतात ती योग्य वेळी योग्य प्रमाणात मिळालेल्या पाण्याने आणि सलाईनने. हा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गॅलरीतलं ड्रम आठवड्यातून एकदा कोरडं करा.

तापात झटका आला तर, कारण सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना येतो, कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात, पाच मिनिटांच्या वर गेला तर उचलून दवाखाना, आणि थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

शाळा बंद करू नका. आत्ता बंद केलीत तर हेच आजारपण पुढच्या वर्षी होईल, त्याला हे व्हायरस कधीतरी भेटणारच आहेत. पण औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, उलटी-जुलाब नाहीत, फोड सुकलेत आणि तो नेहमीसारखा खातोय, तेव्हाच पाठवा. ताप उतरवून, सकाळी औषध पाजून शाळेत सोडणारे पालक असतात, त्यांची अडचण मला कळते, पण त्याने आख्खा वर्ग आजारी पडतो. साधा खोकला राहिला असेल तर चालेल. आणि रजा तुमच्याच का संपल्यात? मूल दोघांचं आहे, पुढच्या आजारपणात एक दिवस तुम्ही, एक दिवस त्याचे बाबा, हे आत्ता बरं असतानाच ठरवून ठेवा. तुम्ही नोकरी करता म्हणून तो आजारी पडत नाहीये, हे मनातून काढून टाका.

गणपतीला न्या. निघायच्या आधीचे दोन दिवस ताप नसेल आणि तो खातापिता असेल तर थांबवायचं काही कारण नाही, ताप असेल तर मात्र एक दिवस उशिरा जा, पाच दिवसांच्या गणपतीत एक दिवस गेला तरी चालतं. गावाला विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ असतं, त्याच्यासाठी पाणी चांगलं खळखळून उकळून घ्या, बाटली वेगळी ठेवा. पायाला जखम असेल तर चिखलात, शेतात अनवाणी सोडू नका, कोकणात ह्याच दिवसांत लेप्टो (घाण पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणारा ताप) असतो. मच्छरदाणी न्या. घराघरांत आरतीला गेल्यावर प्रत्येकाला त्याचा पापा घ्यायचा असेल, सर्दी-खोकला झालेल्यांना सरळ लांबून आशीर्वाद द्या म्हणा, कोणी रागावत नाही. पिशवीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि त्याची सिरिंज, सलाईन ड्रॉप्स, ओआरएसची चार पाकिटं, झिंक, आणि लसीकरणाचं कार्ड. चिपळूणमधल्या एका बालरोगतज्ज्ञाचा नंबर आणि त्यांचा दवाखाना सणात कोणत्या दिवशी चालू आहे हे आत्ताच गावच्या नातेवाइकांना विचारून फोनमध्ये सेव्ह करा, आणि वाडीपासून रस्त्यापर्यंत रात्री गाडी येते का तेही विचारा, गरज पडली तर १०८ ला फोन केल्यावर ॲम्ब्युलन्सला कुठे बोलवायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे.